मागचा आवाज

कळंब, ४ मे

चि. सिद्धी,

जय जिनेंद्र. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा आता पत्र. फोन कट करता येतो, पाकीट कट करता येत नाही. न वाचता कपाटात ठेवून बघ. तू माझी मुलगी आहेस, बंद पाकीट घरात असताना तुला चहा गोड लागायचा नाही.

नागपूरचा पत्ता तुझ्या सासऱ्यांनी दिला. हनुमंतराव मंचरच्या बाजारात भेटले. मी "व्याही" म्हणून हाक मारली तर बिचारे इतके गडबडले की हातातली कोथिंबिरीची जुडी पिशवीऐवजी खिशात कोंबायला लागले. पत्ता सांगितला, पण "पोरगी कशी आहे?" म्हटल्यावर "बरी हाय, लई बरी हाय" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाले आणि एसटी सुटते म्हणून निघाले. एसटीला अजून वेळ होता. माणूस सरळ आहे, काही दडवायची सवय नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

तू स्वराजशी लग्न केलंस तेव्हा तुझे पप्पा रागावले. ते रागावणारच होते. आपण ओसवाल, ते मेंढरांमागे फिरणारे, आणि तू सांगितलंस ते रजिस्टर लग्न झाल्यावर. पण तो राग वर्षभरात निवला होता, हे तुलाही कळलं असणार, म्हणून तर तू दिवाळीला दुकानातल्या मोबाइलवर फोन केलास. त्यांनी तो घेतला, कानाला लावला, आणि एक शब्द न बोलता खाली ठेवला. तेव्हापासून तू आम्हा सगळ्यांनाच वाळीत टाकलंस. त्याला आता दुसरी दिवाळी उलटून गेली. त्या फोनबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे, पण आज बोलणार नाही. मी एकाला शब्द देऊन बसले आहे.

म्हणून दुसरी बातमी देते. दुकानावरची मागची खोली आठवते ना? जिथे पोत्यांच्या थप्प्या असायच्या आणि तू त्यांच्यावर चढून शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची भाषणं म्हणायचीस? तिथे आम्ही होम थिएटर करतो आहोत. हसू नकोस. तुझ्या भावाने, हितेशने, जवळजवळ भिंतीएवढा टीव्ही आणला आहे आणि काळे उभे स्पीकर, चार कोपऱ्यांत चार द्वारपाल असल्यासारखे. हितेशला क्रिकेट बघायचं आहे आणि तुझ्या पप्पांना महाराजसाहेबांची प्रवचनं ऐकायची आहेत. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

पहिल्या दिवशी प्रवचन लावलं. पडद्यावर महाराजसाहेब बोलत होते आणि खोलीत ऐकू येत होतं खालचं धान्य चाळायचं मशीन. त्यात पंखा, त्यात इन्व्हर्टरची घरघर, खिडकीबाहेर कबुतरं. बायपास झाला तरी भाजीच्या पिकअप आपल्याच दारावरून जातात, आणि त्यांना हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हितेश म्हणाला, "आवाज वाढवतो." वाढवला. स्वयंपाकघरातले डबे थरथरायला लागले. तुझे पप्पा कानावर हात ठेवून उठले आणि जिना उतरून गेले.

मी तिथल्या तिथे ठरवलं की आवाज वाढवायचा नाही, बाकीचे आवाज कमी करायचे. हितेशला हे अजून पटलेलं नाही. त्याला बऱ्याच गोष्टी उशिरा पटतात.

पप्पा मात्र रोज संध्याकाळी वर येऊन विचारतात, "झाली का खोली?" प्रवचनाची एवढी ओढ त्यांना पूर्वी नव्हती.

मम्मी


कळंब, २३ मे

चि. सिद्धी,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी थकणारी नाही.

खोलीचं काम जोरात आहे. महाळुंगे पडवळचे सावळेराम मिस्त्री लावले आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, टीव्ही बघाया करताय का झोपाया?" मी म्हटलं, ऐकायला. त्यांनी हितेशकडे बघितलं, हितेशने वर आढ्याकडे बघितलं. मग मी खोलीचे सगळे दिवे बंद केले, दार लोटलं आणि भर दुपारी अंधारात उभी राहिले. जिथून जिथून उजेड आत येत होता तिथून आवाजही येणार, एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. खिडकीच्या चौकटीला बोट जाईल एवढी फट होती. दाराखालून तर मांजर आलं असतं. सगळीकडे रबराच्या पट्ट्या बसवल्या.

मग चाळणीचं मशीन. त्याचा आवाज खिडकीतून नाही, जमिनीतून वर यायचा. खोलीत अनवाणी उभं राहिलं की तळपायाला मुंग्या यायच्या. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून मशीनच्या पायांखाली घातले. आता हमाल म्हणतात, मशीन चालू आहे का बंद तेच कळत नाही. इन्व्हर्टर जिन्याखाली हलवला.

एवढं करूनही खोली घुमत होती. रिकाम्या भिंती आणि कोटा फरशी. तू "मम्मी" म्हणालीस तर तीन मुली हाक मारताहेत असं वाटेल. यावर हितेशने मोबाइलवर उपाय शोधला. मला काही न सांगता कोणाच्या तरी पोल्ट्रीवर गेला आणि छोट्या टेम्पोत भरून घेऊन आला. काय आणलं असेल? अंड्यांचे ट्रे!

सिद्धी, मी दारात उभी. समोर राखाडी कागदी ट्रेंचा ढीग. म्हणे भिंतीला चिकटवले की आवाज घुमत नाही, सगळे यूट्यूबवाले हेच करतात. मी म्हटलं, अरे, ज्या घरात कांदासुद्धा येत नाही त्या घराच्या भिंतींना तू अंड्यांचे ट्रे लावणार? तर म्हणतो, "मम्मी, रिकामे आहेत." एका ट्रेला पीस चिकटलेलं होतं! तुझे पप्पा जिन्यातूनच मागे फिरले आणि जैन स्थानकात जाऊन, आसनावर डोळे मिटून, त्या दिवशी एक सामायिक जास्तीचं करून आले. सावळेराम तर हसून हसून खाली बसले. "हितेशशेठ, उद्या कोंबड्याबी आणा, म्हंजी सेट पुरा व्हईल." टेम्पो आला तसा परत गेला. खोली मी स्वतः धुतली.

दुसरी अडचण कबुतरांची. एसीचा बाहेरचा डबा बसवायला खिडकीखाली लोखंडी कोन ठोकून ठेवले होते. डबा येईपर्यंत कबुतरीने तिथे चार काड्या टाकून दोन अंडी घातली. सावळेराम म्हणाले, "बाजूला सरकावतो." मी म्हटलं, हात तर लावून दाखवा. तेव्हा एसीचं काम बंद. पिल्लं उडेपर्यंत पंख्यावर भागवायचं. गंमत अशी की कबुतरांच्या घुमण्याने प्रवचन ऐकू येत नाही म्हणून कुरकुर करणारे तुझे पप्पाच सकाळी मूठभर ज्वारी घेऊन तिथे उभे असतात.

भिंतींचा प्रश्न स्थानकात सुटला. तिथला हॉल घुमतो हे तुला माहीत आहे. पण परवा सामायिकाची आसनं ठेवतात त्या कपाटापाशी मी माझ्या मैत्रिणीशी, साधनाशी बोलत उभी होते, तर तिथे आवाज मऊ झाला. मी दार लावून बघितलं, उघडून बघितलं. साधनाला वाटलं मला उन्हाचा त्रास झाला. आसनं लोकरीची, थप्पीच्या थप्पी! ज्या लोकरीचा महाराजसाहेबांचा जीव-जंतू हळूच झाडायचा ओघा चालतो, ज्या लोकरीवर आपण सामायिकाला बसतो, ती भिंतीला का चालू नये?

लोकर कुठे मिळते ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात लोणीला, व्याह्यांकडे जाते. पप्पांना सांगितलेलं नाही.

मम्मी


कळंब, ९ जून

चि. सिद्धी,

तुझ्या सासरी जाऊन आले. लग्नाला मी आले नाही, सासर बघितलं नाही, असं कोणी आता म्हणू शकणार नाही. अंगण छान सारवलेलं आहे. लिंबाखाली जाळीत मेंढ्या होत्या, थोड्याच. हनुमंतराव म्हणाले, आता फिरती बंद केली, शेती बघतो, पण मेंढरं पार विकून टाकायला जीव होत नाही. कातरणी नुकतीच झालेली. काळ्या-करड्या लोकरीचा ढीग पडवीत पडला होता.

"घिऊन जा ताई, सगळी घिऊन जा. आता कोण इचारतंय लोकरीला? निम्मी आमी बांधावर टाकून देतो. पर शेठ आन् हितेशभाऊ टीवी बघणार तितं ही कशाला?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी लोकरीचा एक पुंजका घेतला, कानाला लावला आणि हसले. "खरंय की! थंडीत घोंगडं डोक्यावरून घेतलं की कुत्र्याचं भुकणंबी लांबलं वाटतं."

बाजूला एका धुतल्या पोत्यात निराळी लोकर होती, बारीक, रेशमासारखी. मी हात घातला तर त्यांनी पोतंच मागे ओढलं. "ती न्हाई, ताई. ती जावळाची हाय, कोकरांची पयली. ती ठेवलीया."

"कशाला?"

"बारकं घोंगडं विणायचंय."

"बारकं? कोणाला?"

ते मेंढ्यांकडे बघत म्हणाले, "देवाला."

मी पुढे विचारलं नाही. दुसऱ्याच्या देवाचं आपण काय विचारायचं? त्यांच्यात देवाला लहान घोंगडं घालायची रीत असेल. मी हात जोडले आणि पोत्यालाही नमस्कार केला. हनुमंतरावांना का कोण जाणे, एकदम ठसका लागला.

तुझ्या सासूबाई, तुकाबाई, घरी नव्हत्या. "मंडळी लेकाकडं गेल्यात, नागपुरास्नी." कधी? "झालं, शिमग्याच्या आधीच." येणार कधी? "आता कुटं त्यास्नी सवड?" म्हणजे विहीणबाई तुझ्याकडे होळीपासून ठाण मांडून आहेत! मी कळंबला बसून सगळं समजले. सासू इतके महिने येऊन राहते, तिला सवड नसते, म्हणजे घरातलं सगळं तिच्या हातात. तू काही बोलणार नाहीस, लहानपणापासून गिळून टाकायची सवय. माझं ऐक. चहा तू कर, देवघर त्यांना दे, आणि स्वराजच्या डब्यावरून वाद घालू नकोस. पहिल्या वर्षी मी तुझ्या आजीला असंच जिंकलं होतं.

लोकर गच्चीवर रिठ्याच्या पाण्यात धुतली. पहिलं पाणी निघालं ते बघून मला वाटलं, अख्खं लोणी गाव त्यात उतरलं आहे. वास तर विचारूच नकोस. शेजारच्या सखूबाई वर येऊन बघून गेल्या की आपल्या, बाफनांच्या गच्चीवर कोणी मेंढरांचा वाडा तर टाकला नाही ना. धुवून, वाळवून, पिंजून, कडुलिंबाचा पाला घालून आता ती लाकडी चौकटींत भरते आहे. वरून मांजरपाट. सावळेराम चौकटी करतात, मी भरते. हितेश म्हणतो, तयार फोमच्या चौकटी मिळतात मम्मी, पुण्याहून मागवू. मिळत असतील. मला हीच लावायची आहे.

पप्पांचं काल जिन्यातच नाक वर झालं. "मेंढ्यांचा वास येतोय."

मी म्हटलं, "हो. व्याह्यांच्या आहेत."

ते तिथेच उभे राहिले. मी चौकटीत लोकर दाबत राहिले, वर बघितलं नाही. मग म्हणाले, "नीट धुतली ना?"

एवढंच म्हणाले. पण सिद्धी, मला तो प्रश्न फार आवडला.

मम्मी


कळंब, ३० जून

चि. सिद्धी,

तुझं पत्र आलं. चार ओळी का होईना, अक्षर तुझं आहे. मी ते ब्लाउजमध्ये ठेवून दिवसभर फिरले, आता शाई फुटली आहे.

तू लिहितेस, तुकाबाई गुडघे दाखवायला आल्या आहेत. कळंब-मंचरची माणसं गुडघ्यांसाठी पुण्याला जातात. नागपूरपर्यंत जायचं तर गुडघे चांगलेच पाहिजेत. पण असो, तू सासूची बाजू घेतेस हे चांगलं आहे.

आणि तू लिहितेस, "पप्पांनी तोंडावर फोन ठेवला, ते मी विसरू शकत नाही. थिएटरच्या गमती मला कशाला कळवतेस?"

कळवते, कारण ते थिएटर तुझ्यासाठी आहे. आता सगळं सांगते. शब्द दिला होता तो मोडते. महाराजसाहेबांसमोर पच्चक्खाण घेतलं असतं तर प्राण गेला तरी मोडलं नसतं, पण हा नुसता नवऱ्याला दिलेला शब्द होता.

तुझ्या पप्पांना ऐकू येत नाही.

एकदम बहिरे नाहीत. आवाज येतो, पण शब्द सुटे होत नाहीत, सगळं एकात एक कालवल्यासारखं. तू गेलीस त्याच्याही आधी सुरुवात झाली होती. कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून मला गळ घातली. म्हणे, बाजारात शेठ बहिरा झाल्याचं कळलं तर उद्यापासून लोक तोंडावर एक बोलतील आणि हळूच दुसरं. गिऱ्हाईक बोललं की ते मान डोलवायचे आणि हितेशकडे बघायचे. लोक म्हणायचे, उत्तमचंदशेठ आता फार गंभीर झाले.

त्या दिवाळीला तू फोन केलास तेव्हा दुकान भरलेलं होतं आणि मागे चाळणी चालू होती. मी समोर होते. त्यांनी फोन घेतला, तुझं नाव बघितलं, आणि त्यांचा चेहरा मी बघितला. तसा चेहरा तू बघितला असतास तर नागपूरहून चालत आली असतीस. त्यांनी फोन या कानाला लावला, त्या कानाला लावला. तू काय बोललीस ते त्यांना ऐकू आलं नाही. सगळ्या दुकानासमोर "काय? काय?" म्हणायची त्यांना लाज वाटली. म्हणून फोन ठेवला. मग मागच्या गोदामात जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "सिद्धी काहीतरी म्हणत होती गं." मी म्हटलं, पुन्हा लावू या. तर म्हणाले, "पुन्हा तेच होईल."

मी तुला लावला, त्याच संध्याकाळी. तू उचलला नाहीस. पुढे कधीच उचलला नाहीस. मला तुम्हा दोघांचाही राग आला, अजून आहे. बाप तसा, लेक तशी. दोघांनाही एक वाक्य जास्त बोलायला नको.

या संक्रांतीला हितेशने मोबाइलवर कुठल्याशा अ‍ॅपमध्ये तुझा आवाज ऐकवला. तू गोष्टी वाचतेस! मी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर ठेवून उभी राहिले आणि पोळी जळली. पप्पांना नेऊन ऐकवलं. त्यांनी मोबाइल कानाला दाबून धरला, अगदी कान लाल होईपर्यंत. मग परत दिला. म्हणाले, "नुसतं घुंऽऽ."

पुण्याला नेलं. कानातली यंत्रं मिळाली, तीही त्यांनी महिनाभर खिशातच ठेवली. घातली तर चमचा पडला तरी दचकायचे. डॉक्टर म्हणाले, यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, नको असलेलेसुद्धा. यांना शब्द ऐकायचे असतील तर आधी खोली शांत करा, घुमणारी खोली नको, मग चांगले स्पीकर. घरी येताना गाडीत ते पहिल्यांदा आपणहून बोलले. "पोत्यांची खोली रिकामी करू. तिथेच ती भाषणं म्हणायची."

क्रिकेट आणि प्रवचन ही हितेशने गावाला सांगायची कारणं आहेत. आता कळलं, खोली झाली का म्हणून कोण रोज विचारतं ते?

कबुतरीची पिल्लं परवा उडाली. उद्या एसी लागेल. अजून ऐकलेलं नाही, पप्पाच म्हणतात, पूर्ण होऊ दे. मला वाटतं, ते घाबरले आहेत. एवढं सगळं करून पुन्हा घुंऽऽ ऐकू आलं तर?

पण मी घाबरलेली नाही. ऐकू येणार. मी केलेली खोली आहे.

मम्मी


कळंब, १९ जुलै

चि. सिद्धी,

काल ऐकलं.

संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकलं. हितेशने खाली चाळणी बंद करवली. त्याची खरं तर गरज नव्हती, पण मी म्हटलं, आज राहू दे. दार लावलं. दार लावल्यावर त्या खोलीत काय होतं ते तुला इथे आल्याशिवाय कळणार नाही. कळंब गाव कोणीतरी उचलून पलीकडे ठेवल्यासारखं वाटतं. माझ्या बांगड्यांचा आवाज मला मोठा वाटायला लागला, म्हणून मी हात मांडीवर दाबून बसले. पप्पांनी खिशातून यंत्रं काढून कानांत घातली. हितेशने पंखासुद्धा बंद केला.

तुझी ती राजाच्या उंटाची नवी गोष्ट लावली. भिंतीएवढा टीव्ही काळा, आणि खोलीभर तू.

पहिली दोन वाक्यं झाली. पप्पा डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. तिसऱ्या वाक्याला म्हणाले, "घाई करते. शाळेत असताना पण अशीच घाई करायची."

सिद्धी, त्यांना शब्द ऐकू आले! घाई कळली म्हणजे शब्द ऐकू आले ना? हितेशने माझा हात धरला. मी रडले. लिहून ठेवते म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको, तुझा भाऊही रडला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. उंट वाळवंटात हरवतो आणि राजा गप्प बसतो, तिथे तू थोडी थांबतेस. तिथेच पप्पांनी हात वर केला. "थांबव. मागे घे."

हितेशने मागे घेतलं.

"मागे काय आहे?"

हितेश म्हणाला, "कुठे काय? काही नाही पप्पा. थोडा मागचा आवाज आहे, घरी रेकॉर्ड करते ना ती. फिल्टर लावतो, जाईल."

"हात लावू नकोस!" असे ओरडले की मी उडालेच. इतक्या वर्षांत ते हितेशवर असे ओरडले नव्हते. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. मी आणि हितेशने तुझ्या गोष्टी मोबाइलवर कितीदा ऐकल्या असतील. काम करता करता, कुकरच्या शिट्ट्यांत. आम्हाला कधी काही सापडलं नाही. ज्यांना ऐकू येत नाही म्हणून एवढी खोली केली, त्यांनीच ते धरलं. राजा गप्प बसतो, तू थांबतेस, आणि तुझ्या मागे, कुठेतरी दुसऱ्या खोलीत, एक बारीक कुरकुर. मग पाळण्याची कडी. मग तुकाबाईंचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत, "गप माज्या सोन्या, आई कामात हाय."

हितेशने न सांगताच ते परत लावलं. मग आणखी एकदा.

गुडघे! गुडघे दाखवायला आल्या होत्या विहीणबाई! आणि मी इथून तुला सल्ले देते आहे, देवघर त्यांना दे म्हणून. आणि ते बारकं घोंगडं, देवाचं! मी त्या पोत्याला नमस्कार केला, सिद्धी. हनुमंतरावांना ठसका का लागला ते काल कळलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं पुन्हा म्हणाले तर मला आठवण करून दे.

रागावले आहे. फार रागावले आहे. बाळंतपणात आईचा हात हातात नव्हता, मेथीचे लाडू कोणी केले, तेल कोणी लावलं, शेक कोणी दिला? तुकाबाईंनी केलं असणार सगळं, आणि चांगलं केलं असणार, त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडेन. पण मला सांगायचं नाही? बापाने फोन ठेवला तर आईलाही शिक्षा? राग आहे, आणि त्याच्या वर एवढा आनंद आहे की राग कुठे ठेवू ते कळत नाही. सकाळपासून लाडवांचं साहित्य काढून ठेवलं आहे. उशीर झाला असला तरी करणार आहे.

हितेश आज पहाटेच लोणीला गेला. हनुमंतरावांना घेऊन येईल. त्यांनी अजून ते रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही, आणि लोकर त्यांची आहे.

पर्युषण पुढच्या महिन्यात आहे. तोवर तुझा फोन मी रोज लावणार आहे, त्या खोलीतूनच. पप्पा शेजारी बसलेले असतील, कानांत यंत्रं घालून, स्पीकर लावून. या वेळेला उचल.

खालचं पप्पांनी स्वतः लिहिलं आहे. सकाळपासून तीन कागद फाडले. मी वाचलेलं नाही. म्हणजे वाचलं आहे, पण बदललेलं काही नाही.

मम्मी

*

चि. सिद्धीस,

त्या दिवशी फोनवर मला चाळणीशिवाय काही ऐकू आलं नाही. मम्मीने लिहिलं ते खरं आहे.

दर संवत्सरीला मी गावभर सगळ्यांची माफी मागतो, मिच्छामि दुक्कडं म्हणतो. तुला म्हणायचं राहिलं. ते पत्रात म्हणणार नाही. समोर म्हणेन, तू ये.

खोली चांगली झाली आहे. तुझा आवाज स्वच्छ येतो. हितेश म्हणतो, रेकॉर्डिंगमधला मागचा आवाज हल्ली मशीनने काढून टाकता येतो. तू काढू नकोस.

नाव काय ठेवलं?

पप्पा